कडक गाडीच्या भक्तांना

"मामा, तुम्ही आता म्हातारे झाले."

परवा माझ्या भाच्याने मला हे तोंडावर सांगितलं. गुन्हा काय, तर मी माझ्या गाडीच्या खाली बसवणाऱ्या लाल स्प्रिंगा काढल्या आणि कंपनीच्या मूळच्या काळ्या स्प्रिंगा परत लावल्या, सोबत नवे शॉकअप. या लाल स्प्रिंगा दोन वर्षांपूर्वी त्याच्याच आग्रहाने बसवल्या होत्या, त्यामुळे त्याला लागणं साहजिक आहे. पण तो जे पुढे म्हणाला ते ऐकून हे लिहायला बसलो. तो म्हणाला, "स्पोर्टी गाडी घ्यायची आन् पलंगासारखी चालवायची, काय फायदा जी?"

तर मंडळी, आजचं लिखाण या एका वाक्यावर आहे. ज्यांना गाड्यांत रस नाही अशा नातेवाइकांनी (काकू, तुम्ही!) थोडा धीर धरावा, आईचा विषय पुढे येणार आहे.

आधी गाडीबद्दल. माझी २०१६ची पोलो जीटी टीएसआय आहे. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी. आता कोणी म्हणेल, ही कसली स्पोर्ट्स कार? चार दारांची, मागे डिकीत पोतं मावतं. मान्य. दोन सीटांची खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडेही बनली होती, गोव्यातली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. पण ती रस्त्यावर पाहिलेले किती जण असतील? मराठी मध्यमवर्गाची स्पोर्ट्स कार म्हणजे चाकणच्या कारखान्यातून निघालेली ही पोलो. २०२२ला ती बंद झाली तेव्हा माणसं हळहळली होती. रोज वर्ध्याहून हिंगणघाटला जाऊन येऊन पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, आठवड्यातून एकदा आईला घेऊन सेवाग्राम, महिन्यातून एकदा आर्वी. गाडी शर्यतीची नाही, रोजच्या वापराची आहे, आणि तरीही पायाखाली दम आहे. एवढंच मला हवं होतं आणि एवढंच मला मिळालं होतं.

मग दुर्बुद्धी झाली.

गाडी साठ हजार किलोमीटरवर आली तेव्हा मागचे शॉकअप थोडे ढिले वाटायला लागले. साहजिक आहे, शॉकअप ही झिजायचीच वस्तू. अशा वेळी माणसाला तीन प्रकारचे सल्लागार भेटतात. तिघांचीही मी सेवा घेतली आहे, म्हणून अधिकाराने बोलतो.

पहिले, 'चालते ना'वाले. "शॉकअपमधे ऑइल भरून देतो जी, नव्यासारखे होते." एका गॅरेजवाल्याने मागचे दोन भरून दिले. (नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही.) कारचा शॉकअप उघडण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो कापून, जुनं तेल काढून, हाताला लागेल ते तेल भरून, पुन्हा वेल्ड मारायचं. आतल्या पिस्टनच्या बारीक पत्र्याच्या झडपा, ज्यांच्यावर सगळा खेळ असतो, त्या तशाच झिजलेल्या. आतला गॅसचा दाब तर उघडल्याबरोबर गेला. दोन महिने गाडी बरी वाटली, मग सीलमधून तेल गळायला लागलं.

दुसरे, रबरवाले. स्प्रिंगेच्या दोन वेढ्यांच्या मधे रबराचा जाडा बफर दाबून बसवायचा. "गाडी उचलून येते, खाली घासत नाही." हे आपल्या गावागावात मिळतं. पण यात होतं काय? ज्या वेढ्यांत रबर अडकवलं ते वेढे काम करायचे थांबतात. स्प्रिंगेचे काम करणारे वेढे जितके कमी तितकी ती कडक. सहा वेढ्यांतला एक बाद केला तर स्प्रिंग वीस टक्के कडक झाली. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापणारे महाभाग आहेत, त्यांचंही गणित हेच. वर कापलेलं टोक आपल्या खाचेत नीट बसत नाही, ते वेगळंच. म्हणजे एक गाडी उचलतो, दुसरा खाली पाडतो, आणि दोघेही स्प्रिंगेचा गळा दाबतात.

तिसरे, कडकवाले. हे सगळ्यात धोकादायक, कारण हे शिकलेले असतात. त्यांच्याकडे जर्मन कंपन्यांचे कॅटलॉग असतात, मोबाइलवर व्हिडिओ असतात. माझा भाचा या पंथातला. त्यांचं शास्त्र एका ओळीचं आहे: गाडी जितकी खाली आणि जितकी कडक, तितकी स्पोर्टी. माझा आजचा राग आहे तो या ओळीवर.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करतो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच आहे. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप उचलत नाही. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि दबलेली स्प्रिंग उसळते. तिला एकटी सोडली तर ती उसळतच राहील. तिला आवरायचं काम शॉकअपचं. तो तेलाला बारीक भोकांतून रेटतो आणि उसळीची ताकद उष्णतेत घालवतो. त्यामुळे गाडी 'डोलते' हा स्प्रिंगेचा दोष नसतो, शॉकअप गेल्याचं ते लक्षण असतं. आणि आमचे कडकवाले काय करतात? डोलणारी गाडी बघितली की स्प्रिंग कडक करतात! खोकला झाला म्हणून गळ्याभोवती दोरी आवळण्यातला हा प्रकार.

आता जरा आकडे. गाडीचं अंग स्प्रिंगेवर एका सेकंदाला किती वेळा वरखाली होतं, यावर सगळा आराम ठरतो. साध्या गाड्यांत ते सेकंदाला एक ते दीड वेळा असतं. आपण चालताना आपलं शरीर साधारण याच तालात वरखाली होतं, म्हणून ते अंगवळणी असतं. सेकंदाला एक झोका हवा असेल तर गाडीच्या वजनाने स्प्रिंग, चाकापाशी मोजली तर, पंचवीस सेंटीमीटर दबलेली असायला हवी. दीड झोक्यांसाठी अकरा सेंटीमीटर. दोन झोक्यांसाठी सहा सेंटीमीटरच्या आसपास. मऊपणाला जागा लागते, हा त्याचा अर्थ. जागा काढून घ्यायची आणि आराम ठेवायचा, हे जमत नाही. कोणत्याही कंपनीला जमत नाही.

समजा, गाडी उभी असताना चाकाला वर यायला ८० मिलिमीटर जागा आहे. तुम्ही ३० मिलिमीटरने खाली आणणारी स्प्रिंग लावली. राहिले ५०. आता तोच खड्डा, तोच वेग, तोच दणका, पण तो पचवायचा ५० मिलिमीटरात. स्प्रिंग दणका पचवते तो अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने. म्हणजे तळ न गाठता तेवढाच दणका पचवायचा तर स्प्रिंग अडीच पटीहून जास्त कडक हवी. बाजारातल्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा अडीच पट कडक नसतात. असत्या तर कोणी घेतल्याच नसत्या. त्या थोड्याशाच कडक असतात. मग काय होतं? मोठा खड्डा आला की स्प्रिंग संपते आणि आतलं रबर, म्हणजे बंपस्टॉप, धाडकन लागतं. भाच्याला ज्यात 'स्पोर्टी फील' वाटत होता तो बहुतेक वेळा बंपस्टॉपचा ठोका होता. रबरावर चालणारी गाडी आम्ही मोठ्या कौतुकाने चालवत होतो :-)

वर आणखी एक. कडक स्प्रिंगेला आवरायला शॉकअपही जास्त ताकदीचा लागतो. मूळचाच शॉकअप ठेवून स्प्रिंग तीस टक्के कडक केली तर त्याची पकड बारा टक्क्यांनी कमी पडते. आणि माझे शॉकअप तर आधीच साठ हजार किलोमीटर चाललेले! लहान अंतरात, जास्त जोराने, रोज पाऊणशे किलोमीटर. वर्षभरात पुढच्या दोन्हींमधून तेल.

इथे पुण्या-मुंबईचे मित्र म्हणतील, तू स्वस्तातलं केलंस, पूर्ण किट घ्यायचं होतं. बरोबर आहे, अर्धवट काम ही माझी चूक. बिल्स्टाइनची तर सरळ वर्णमाला आहे: मूळ स्प्रिंगांसोबत मूळसारखं चालायचं असेल तर बी४, मूळ स्प्रिंगांवर जास्त पकड हवी असेल तर बी६, आणि खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांसाठी आखूड केलेला बी८. बनवणाऱ्यांनाच माहीत आहे की ही तीन वेगळी कामं आहेत. पण मित्रांनो, बी८ लावल्याने हरवलेले तीस मिलिमीटर परत येतात का? शिवाय ते कॅटलॉग युरोपच्या पोलोसाठी लिहिलेले. आपल्या रस्त्यांसाठी भारतातली पोलो मुळातच उंच ठेवली होती. तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिकडचे रस्ते तर नाहीतच नाहीत.

आता रस्त्यांकडे येतो. माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे आणि तो कुठल्याही व्हिडिओत नसतो.

आपला जिल्हा काळ्या मातीचा. ही कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. तिच्यावरचा रस्ताही तिच्यासोबत श्वास घेतो. म्हणून आपल्याकडचा डांबरी रस्ता नवा असला, एकही खड्डा नसला, तरी त्याला लाटा असतात. समजा लाट पंधरा ते वीस मीटर लांबीची आहे आणि तुम्ही ताशी ८० किलोमीटरने चालला आहात. मग गाडीला सेकंदाला एक ते दीड धक्का मिळतो. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? तोच, गाडीच्या स्वतःच्या झोक्याचा! पाळण्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसं होतं. ही लाट थोपवतो तो फक्त चांगला शॉकअप, त्यातही स्प्रिंग परत उघडताना तिला धरणारा. आपल्या भागात स्प्रिंगेपेक्षा शॉकअपवर पैसे घालावेत ते यासाठी.

उलट दुसऱ्या टोकाला समृद्धी महामार्ग. येळाकेळीला वर चढलं की काँक्रीट सुरू. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी १०० किलोमीटरने सेकंदाला सहा सांधे. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभी थरथर सगळ्यात जास्त जाणवते ती सेकंदाला चार ते आठ वेळांच्या दरम्यान. पोटातले अवयव आणि पाठीचा कणा नेमके याच पट्ट्यात हलतात. म्हणजे इथे उलटं हवं: बारीक, जलद ठोक्यांना गाडी मऊ हवी. कडक स्प्रिंग, कडक शॉकअप, पातळ टायर, तिघे मिळून प्रत्येक सांधा उचलून थेट मणक्यात नेऊन देतात.

पातळ टायरवरून आठवलं. स्प्रिंगांसोबत आम्ही १७ इंची चाकंही घातली होती. मूळ टायर १८५/६० आर १५, म्हणजे रबराची भिंत १११ मिलिमीटर. नवे २१५/४० आर १७, भिंत ८६. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच, मधलं पंचवीस मिलिमीटर रबर आणि हवा गेली, त्या जागी धातू आला. लाटांवर झोका आणि सांध्यांवर ठोका, अशी दोन्ही टोकांची शिक्षा मी स्वतःच्या पैशाने विकत घेतली होती.

आणि स्पीडब्रेकर! कागदावर त्याचं माप आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सहज पार व्हावा असा. आता आपल्या कोणत्याही गावातून जाऊन बघा. शाळेपुढे, देवळापुढे, सरपंचाच्या घरापुढे, एका रात्रीत गावकऱ्यांनी घातलेले माठाच्या बुडासारखे ढिगारे. त्यांचा मला राग नाही. भरधाव गाड्यांनी लेकरं चिरडली जातात म्हणून गाव ते घालतं. पण या रस्त्यावर गाडी आणखी खाली आणणाऱ्याला काय म्हणावं? मी दोन वर्षं गाडी तिरपी करून, एकेक चाक चढवत पार करत होतो. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न मारायचा. स्पोर्ट्स कार पुढे आणि ट्रॅक्टर मागे खोळंबलेला!

आता भाच्याच्या बाजूने बोलतो, नाहीतर तो म्हणेल मामाने एकतर्फी लिहिलं. कडक गाडी वळणावर कमी कलते, हे खरं. स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळते, हेही खरं. समृद्धीवर चढतानाच्या गोल वळणावर ती लाल स्प्रिंगांची गाडी मला आवडली होती, खोटं का बोलू. दर्शनीही दिसायची. गुळगुळीत ट्रॅकवर, कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारख्या ठिकाणी, भाच्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरेल.

पण पकड म्हणजे काय? टायर जमिनीला चिकटून राहणं. हवेत उडालेलं चाक वळतही नाही आणि थांबतही नाही. गेल्या वर्षी श्रावणात, हिंगणघाटहून येताना, एका उखडलेल्या ओल्या वळणावर माझी गाडी मागून टुणकन बाजूला सरकली. वेग फार नव्हता. मागची चाकं खड्ड्यांवरून नाचत होती, रस्त्यावर टेकतच नव्हती. समोरून एसटी येत होती. मधे हातभर अंतर राहिलं असेल. घरी येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. (आई, आता वाचते आहेस तर कळलं.) त्या दिवसापासून 'कडक म्हणजे पकड' हे वाक्य माझ्यासाठी संपलं. खराब रस्त्यावर मऊ स्प्रिंग आणि नीट आवरणारा शॉकअप हीच खरी स्पोर्टी जोडी.

आणि हे म्हाताऱ्यांचं तत्त्वज्ञान नाही बरं का. साठच्या दशकातली लोटस एलान घ्या, जगातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक. तिच्या स्प्रिंगा मऊ आणि चाकांना हालचाल भरपूर, म्हणूनच तिच्या चालीची तारीफ झाली. त्याही आधी, १९३०च्या दशकात, मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करताना एका गाडीवर पुढेमागे हलवता येतील अशी वजनं बांधून प्रयोग केले होते. त्यातून निघालं ते असं: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागचा झोका थोडा जलद असला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी डुचमळण्याऐवजी सपाट राहते. जवळजवळ शंभर वर्षं झाली या गोष्टीला. गाडी बनवणारे हे तोलून पुढच्या-मागच्या स्प्रिंगा ठरवतात. आणि आपण फक्त पुढच्या कडक करतो, का, तर पुढून गाडी खाली दिसली पाहिजे!

आपल्याकडचंच उदाहरण देतो. विदर्भात शंकरपट आहेत. पटाचा छकडा किती हलका, किती सुरेख पळतो! पण त्या छकड्यात बसवून कोणी आजीला बाजाराला नेलं आहे का? त्यासाठी घरी दमणी असायची, खाली गवत आणि वर गादी घातलेली. आपल्या आज्यापणज्यांना पट आणि प्रवास यातला फरक कळत होता. दोन्हीचं कौतुक ते करायचे, एकाचं काम दुसऱ्याला सांगत नव्हते.

आता आई.

तिचं मणक्याचं दुखणं जुनं आहे. सेवाग्रामला तपासणीला जायचं म्हणजे आठ किलोमीटर, तेवढं ती करायची. पण आर्वीला मावशीकडे दर महिन्याला जायचो, ते लाल स्प्रिंगांनंतर बंद झालं. तिने कधी तक्रार केली नाही. आधी म्हणाली, ऊन फार आहे. मग म्हणाली, पाऊस आहे. मग मावशीलाच म्हणाली, तूच ये. मला वाटलं वय झालं, आता तिला फिरावंसं वाटत नाही. दीड वर्ष मी हेच समजत होतो. एकदा शेजाऱ्यांच्या जुन्या वॅगनआरमधून ती आर्वीला जाऊन आली आणि संध्याकाळी सहज बोलून गेली, "त्यांची गाडी बरी आहे रे, पाठीत लागत नाही."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? तीस मिलिमीटरच्या दिमाखासाठी मी दोन बहिणींची दीड वर्षं खाल्ली होती. भाच्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आजीले समोर बसवा ना." समोरच बसायची ती, बाबू.

म्हणून मी काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बघा. आधी टायर: परत १५ इंची चाकं, आणि हवेचा दाब दाराच्या पट्टीवर लिहिलेला तेवढाच. अर्धा फरक इथेच पडला. मग माळ्यावर ठेवलेल्या मूळ स्प्रिंगा काढून तपासल्या. तडा नाही, गंज नाही, टोकं शाबूत. चांगली स्प्रिंग सहसा थकत नाही. बसली की नाही हे बघायचं तर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत डावं-उजवं अंतर मोजा. सारखं असेल आणि मूळ मापाला असेल तर नवी स्प्रिंग विकणाऱ्याला नमस्कार करा. पैसे घातले ते चारही शॉकअपवर, मूळच्या मापाचे, दोन नळ्यांचे, गॅसवाले. एका नळीचे जास्त दाबाचे शॉकअप तापले तरी लवकर फेस धरत नाहीत, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५च्या वर असताना, तो मोह होतोच. पण ते बारीक ठोक्यांना थोडे टणक लागतात. मला आईला न्यायचं होतं, लॅप टाइम लावायचा नव्हता. ज्याला भरभर चालवायचं आहे आणि पाठ मजबूत आहे त्याने खुशाल मूळ स्प्रिंगांवर एका नळीचे लावावेत, माझं भांडण त्याच्याशी नाही.

शॉकअप जोडीनेच बदला, एका बाजूचा एकटा नाही. सोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप आणि धुळीचं बूट नवं घ्या. जुन्यांवर नवे शॉकअप बसवणं म्हणजे फाटक्या चादरीवर नवी गादी. आणि खडखड येते म्हणून लगेच शॉकअपला दोष देऊ नका, पुष्कळदा ती लिंक रॉडची असते. बॉनेट दाबून "हे बघा, शॉकअप ठीक आहे" असं दाखवणाऱ्यावरही विश्वास नको. त्यात फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, मरायला टेकलेला नाही. टायरवर लाटालाटांची झीज दिसली तर ती जास्त खरी साक्ष.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतला तपशील बनवणाऱ्याच्या मूळ मापापेक्षा वेगळा होईल असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. स्प्रिंग त्यात येते की नाही यावर वकील भांडत बसतील. अपघातानंतर विमा कंपनीशी तो वाद घालायची मला हौस नाही.

काम झालं त्याच्या दुसऱ्या रविवारी आईला म्हटलं, चल आर्वीला. ती नेहमीप्रमाणे आधी आभाळाकडे बघायला लागली. मी म्हटलं, गाडी बदलली आहे. ती म्हणाली, "तीच तर दिसते." बसली. अर्ध्या रस्त्यात तिला डुलकी लागली. लाटा होत्या, स्पीडब्रेकर होते, सगळं होतं. मी ताशी ६०-७०ने चाललो होतो आणि कितीतरी दिवसांनी मला ती गाडी चालवायला मजा येत होती. आवाज कमी, खडखड नाही, वळणावर थोडी कलायची पण रस्ता सोडत नव्हती. इंजिन तेच, दम तोच.

भाचा म्हणतो मी हरलो. असेल बा. पण त्यालाही एक सांगतो: शर्यत ट्रॅकवर लाव, मी टाळ्या वाजवायला येईन, पेट्रोलचे पैसेही देईन. फक्त ज्या गाडीत घरची माणसं बसतात तिच्यावर प्रयोग करण्याआधी त्यांना मागे नाही, समोर बसवून, आर्वीच्या रस्त्याने एक चक्कर मारून आण. आणि ती माणसं "ऊन फार आहे" म्हणायला लागली तर आभाळाकडे बघू नकोस, गाडीखाली बघ.

असो. फार झालं.

ता.क. एक महत्त्वाचं राहिलं. शॉकअप बसवताना खालच्या आर्मचे बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नका. गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावर आवळायला सांगा. लटकत्या गाडीत आवळलं तर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक वैतागेल, "काही नाई होत जी" म्हणेल. चहा पाजा, पण तिथेच उभे राहा. शेवटी अलाइनमेंट करून घ्या.